अंधारात वाचलेली तार

जुईच्या मांडीवरचा फोन उजळला. तिनं तो उचलला, वाचला आणि माझ्याकडे न बघता उपडा ठेवून दिला. एवढंच झालं. पडद्यावर बर्फ पडत होता, कुठल्या तरी परक्या मुलखातली एक बाई तीन पोरांना घेऊन तळघरात बसली होती, वर सैनिकांचे बूट वाजत होते, आणि महानगर वस्तीतल्या त्या हॉलमध्ये आम्ही साठ-सत्तर मराठी माणसं घाम पुसत ते बघत होतो, कारण आवाज होतो म्हणून नंदकुमारनं कूलर बंद करायला लावला होता. मे महिन्यातली लखनौची दुपार. तरी मला थंडी वाजली. मी विचारलं, काय गं, कुणाचा? नात म्हणाली, कुछ नहीं आजी, ग्रुप का है. ग्रुपचं काही वाचून कुणी ओठ असे आत ओढून घेत नाही. मी पडद्याकडे तोंड केलं, पण त्या बाईचं काय चाललंय ते मला दिसेनासं झालं. मला फक्त माझ्या शेजारी, काळोखात, तो उपडा ठेवलेला फोन दिसत होता, आणि त्याच्या कडेनं बारीक उजेड गळत होता तोही विझला.

नंदकुमार आमच्या चित्रपट मंडळाचा सेक्रेटरी. बँकेतून रिटायर झाला, बायकोला घरात नकोसा झाला, म्हणून त्यानं हे मंडळ काढलं, असं मी त्याच्या तोंडावर म्हणते आणि तो हसतो. महिन्यातल्या एका रविवारी चार वाजता सिनेमा. अलीगंजवाले स्कूटरवर येतात, छावणीतली फौजी मंडळी गाडीतून, आम्ही वृंदावन योजनेतून टॅक्सीत तासभर घालवून. निम्म्यांना सिनेमा कळत नाही, ते नंतरच्या बटाटेवड्यासाठी बसतात. या खेपेला त्यानं लढाईचा सिनेमा आणला, लढाईत बायकापोरं कशी तगून राहतात त्याचा, आणि मुद्दाम घरी येऊन मला म्हणाला, काकू, सिनेमा झाला की तुम्ही दोन शब्द बोलायचं, आपल्यात बॉम्बचा आवाज ऐकलेलं दुसरं आहे कोण. हे त्याला माझ्या मुलानं, धनंजयनं सांगितलेलं. आमच्या घरात ही गोष्ट दर दिवाळीला निघते. एकाहत्तरची लढाई, अंबाल्याच्या छावणीतली फॅमिली लाइन, पुरुष सगळे सीमेवर, वर विमानं, आणि आमची आई वीस वर्षांची, सगळ्या बायकांची पत्रं न् तारा वाचून त्यांना धीर द्यायची. सुनेनं हे शेजारणींना सांगितलंय. नातवानं, सुजयनं, फौजेत गेल्यावर आपल्या मित्रांना सांगितलंय. मी कधी नाही म्हटलं नाही. पत्रं तर मी वाचत होतेच. त्या लाइनीत मराठी चौथी झालेली मी एकटी होते. तारांचं काय, ते कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायची मला सवय नाही.

पडद्याच्या खालच्या अंगाला इंग्रजी अक्षरं पळत होती. ती मला येत नाहीत. जुई कानाशी लागून हिंदीत सांगत होती, आजी, ये उसकी बहन है, आजी, अब इनके पास बस दो आलू बचे हैं. आमची ही पिढी मराठी समजते आणि उत्तर हिंदीत देते, त्यावरून मी तिला टोचते, पण आज तिचा तो आवाज बरा वाटत होता. फोन आल्यापासून तो बंद झाला. तळघरातली बाई थोरल्या मुलीला कितीतरी वेळ काहीतरी सांगत होती, अक्षरांच्या ओळींमागून ओळी गेल्या. मी म्हटलं, सांग की. जुई म्हणाली, बोल रही है, डरो मत. एवढं लांब बोलून एवढंच? आणि मग सकाळपासूनचं एकेक माझ्या डोक्यात उलगडायला लागलं, जसं नको असताना आपलंच लुगडं दाराच्या खिळ्यात अडकून सुटत जावं तसं. सुजयचा फोन दर रविवारी नवाच्या आत येतो. तो तिकडे वर, सीमेवर, जागेचं नाव तो सांगत नाही आणि मी विचारत नाही, फौजीच्या बायकोला एवढं कळतं. आज फोन आला नाही. धनंजय म्हणाला, नेटवर्क नसेल. मग तो बॅग घेऊन निघाला, म्हणाला शाखेत ऑडिट आहे. रविवारी. बॅगेत दाढीचं सामान टाकताना मी त्याला पाहिलं होतं आणि पाहून गप्प बसले होते. नेत्राचे डोळे लाल, कांदा चिरत होते म्हणाली, आणि तिच्या ताटात साबुदाण्याची खिचडी, रविवारी कसला उपास. मला उन्हात बाहेर न्यायचं म्हटलं की हीच सून एरवी माझं ब्लडप्रेशर काढते; आज तिनंच माझी साडी इस्त्री करून पलंगावर ठेवली. आणि जुई, मराठी मंडळ म्हटलं की जिच्या पोटात दुखतं, ती आपणहून म्हणाली, मैं ले जाती हूँ आजी को. मला वाटलं होतं, माझ्या भाषणाचं कौतुक. काय शहाणी मी. मला घराबाहेर काढलं होतं. घरात फोन वाजणार होते, कुणी मोठ्यानं रडणार होतं, आणि ते माझ्यादेखत नको होतं.

मी स्वतःलाच दटावलं. म्हातारीचा जीव, काहीही दिसतं. जुईच्या हाताला हात लावून बघितला, तर तो माझ्याहून गार. तेवढ्यात पडद्यावर दार वाजलं आणि एक म्हातारा तळघरात उतरला. त्याच्या हातात कागद होता. दोन बायका उभ्या राहून त्या कागदाकडे बघायला लागल्या, कोण घेणार म्हणून. मला ते बघवेना. मी डोळे मिटले, आणि डोळे मिटले तर अंबाला. डिसेंबरची पाच तारीख, दिवस बुडालेला, भोंगा होऊन गेलेला, काचांना खाकी कागद, शेगड्यांवर पाणी ओतलेलं, ओल्या राखेचा वास. आम्ही नऊ बायका आणि त्यांची पोरं माझ्या एका खोलीत, कारण आपापल्या खोलीत बसायची कुणाची छाती नव्हती. लाइनीवर ठेवलेला हवालदार रसद आणायला गेलेला. तारवाला सायकल भिंतीला आपटून दारात आला, निकम का घर? मी हो म्हणायच्या आत त्यानं कागद माझ्या हातात कोंबला आणि सहीसुद्धा न घेता पळाला, त्यालाही विमानांची भीती. निकम आमच्या लाइनीत दोन. एक माझे मालक आणि दुसरा दिनकर, सरलाचा नवरा. सरला माझ्याहून वर्षानं लहान, लग्नाला आठ महिने झालेली, हसायची तर पदर तोंडावर घेऊन. आमच्यासारख्यांच्या घरी तार एकाच कामाला यायची. लग्नाच्या आणि बारशाच्या तारा शहरातल्यांना. त्यामुळे कुणी काही विचारलं नाही, फक्त अंधारात आठ बायकांचे डोळे माझ्याकडे वळले आणि कुणीतरी हळूच म्हणालं, वाच.

इंग्रजी येत नाही म्हणायला काय लागतं? पण तीन महिने मी त्यांची पत्रं वाचत होते. नळावर पहिली बादली माझी. भांडण झालं तर न्याय माझा. कुणाच्या घरी गोडाचं झालं तर वाटी आधी माझ्याकडे. त्या मानाची चटक लागली होती मला, आणि मराठी वाचते म्हणजे ही सगळंच वाचते असं त्या धरून चालल्या होत्या, मी त्यांना तसं धरू दिलं होतं. मी काडी ओढली आणि ओंजळीत धरली. टाइप केलेल्या अक्षरांच्या दोन ओळी. मुंग्या. त्यातलं एकच चित्र ओळखीचं होतं. मालकांच्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात आडनाव लिहिलेलं, रोज पुसून पुसून ते मला पाठ झालेलं, तेच या कागदावर होतं. म्हणजे निकम. म्हणजे एक तर ती, नाही तर मी. लोक म्हणतात माणूस विचार करून पाप करतो. मला विचार करायला एक काडी होती, आणि ती बोटापर्यंत आली होती. मी म्हटलं,

"सरला, तुझी आहे."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. बायकांनीच तिचे हात धरून चौकटीवर आपटले, हिरवा चुडा, आणि त्या काचांच्या आवाजालाही आम्ही दचकलो, वर ऐकू जाईल म्हणून. पोरं रडायला लागली तर त्यांची तोंडं दाबली. सरलानं स्वतःच पदरानं कपाळ पुसलं, पुन्हा पुन्हा पुसत राहिली, कातडी लाल होईपर्यंत. रात्रभर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी तिला थोपटत होते, आणि थोपटणाऱ्या हाताच्या आत मन काय म्हणत होतं ते मी आजवर देवापुढेही उच्चारलं नाही. मन म्हणत होतं, बरं झालं, तुझी झाली. चार दिवस मी तिला माझ्या हातानं भरवलं. चौथ्या दिवशी हवालदार आला, त्यानं ती तार उजेडात धरली आणि कपाळावर हात मारून घेतला. माझे सासरे बाबुराव निकम, त्यांनी रेडिओवर लढाईचं ऐकून तालुक्याच्या पोस्टातून माझ्या नावानं पाठवली होती, ताबडतोब गावी निघून ये म्हणून. कुणी मेलं नव्हतं. बायका हसल्या, रडल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी म्हटलं, अंधार होता, काडी विझली, अक्षरं पुसट होती. सगळ्यांना पटलं. सरला तर माझ्या पायाच पडली, जणू नवरा मीच परत आणला. एकीनं आपल्या हातातल्या दोन बांगड्या काढून तिला चढवल्या. आणि पाच दिवसांनी छावणीतून साहेब आले, दोन माणसं बरोबर, टोप्या काखेत. दिनकर गेला होता. त्यांनी कागद वाचला तेव्हा सरला पदर तोंडावर घेऊन हसली. म्हणाली, साहेब, परत नीट बघा, आमच्याकडे मागं एकदा अंधारात चुकलं होतं.

तिनं ते कधीच मानलं नाही. एकदा खोटं निघालेलं दुसऱ्यांदा खरं कसं असेल? माहेरी कराडकडे जाऊन राहिली, कुंकू लावत राहिली, वडाला दोरा गुंडाळत राहिली. विधवेच्या पेन्शनीच्या कागदावर अंगठा देईना, भावांनी मारलं तरी देईना. लोक तिला वेडी म्हणायचे आणि मला कुणी काही म्हणायचं नाही. धनंजयच्या लग्नाला ती आली होती, पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांची, केस पांढरे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मांडवात बायका तिच्याकडे बघून कुजबुजत होत्या. तिनं मला बाजूला नेलं, पत्र्याच्या डबीतून तो साहेबांचा कागद काढला, घड्यांवर विरलेला, आणि म्हणाली, माझा दुसऱ्या कुणावर भरवसा नाही, तू बघ, आता दिवस आहे. भर दुपार होती. मी तो कागद हातात धरला. त्याच मुंग्या, तेच एक चित्र. तिला सांगायचं होतं की दिनकर खरंच गेला, आणि हेही की मला त्यातलं काही येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. दोन्हीतलं एक सांगितलं असतं तरी ती सुटली असती. बाहेर नवऱ्या मुलाची आई म्हणून माझ्या नावानं हाका चालल्या होत्या. मी कागदाकडे टक लावून राहिले आणि म्हटलं, अक्षरं पुसट झालीत गं, काही कळत नाही. ती कागदाकडे बघतच नव्हती. ती माझ्या डोळ्यांकडे बघत होती. मग तिनं घडी घातली, डबी बंद केली, बरं म्हणाली. बेचाळीस वर्षं वाट बघून ती गेली, कुंकवासकट जाळली म्हणे.

तेव्हापासून मला एकाच गोष्टीची भीती. मरणाची नाही, आजाराची नाही. मालक गेले ते माझ्या हातात पाणी पिऊन गेले, तेव्हाही मी घाबरले नाही. मला भीती वाटते ती एका दिवसाची, की माझ्या नावानं काहीतरी येईल, ते मला वाचता येणार नाही, आणि वाचून दाखवणारं माझ्यासारखं कुणीतरी असेल. सुजयनं फौजेत जायचं म्हटलं त्या दिवशी घरात पेढे वाटले, आणि मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले होते.

दिवे लागले. टाळ्या वाजल्या. कुणी डोळे पुसत होतं, कुणी वड्यांच्या वासाकडे मान वळवत होतं, नंदकुमार माईकवर फुंकर मारत होता. मी जुईचं मनगट धरलं आणि म्हटलं, मघाचं वाच. ती म्हणाली, घर जाके, आजी. मी म्हटलं, इथं. तिनं फोन उलटा केला, समोर धरला आणि वाचायला लागली, गोड आवाजात, लहान मुलाला औषध पाजताना काढतात तसल्या. "पापा का है. ऑडिट चल रहा है, रात को देर होगी. भैया का फोन आ गया था, सब ठीक है, आई को बता देना."

मी तिचे डोळे बघत होते. वाचणाऱ्याचे डोळे चालतात. ओळीच्या शेवटी जातात, मागे येतात, खाली उतरतात. मी चौथीपर्यंतच गेले असेन, पण एवढं मला माहीत आहे. जुईचे डोळे काचेवर एकाच जागी खिळले होते, भिंतीकडे बघावं तसे. आणि न वाचता वाचणं माझ्याइतकं कुणाला ओळखू येणार? मला ते तसंच घ्यावंसं वाटलं, खोटं का बोला. सब ठीक है. वडा खावा, दोन शब्द बोलावे, टॅक्सीत झोपून जावं, आणखी एक रात्र सुजय धडधाकट. सरलाला मी असंच काहीतरी दिलं होतं, आणि तिनं ते बेचाळीस वर्षं पुरवलं.

मी म्हटलं, "जुई, मी एका बाईला असंच वाचून दाखवलं होतं. दोनदा. ती वाट बघत मेली. जे लिहिलंय ते वाच."

पोरीचं तोंड वाकडं झालं. नाक ओढत तिनं फोन जवळ घेतला. धनंजयचाच निरोप होता, पण ऑडिटचा नाही. सुजयच्या चौकीपाशी पहाटे स्फोट झाला, त्याला लागलंय, ऑपरेशन चालू आहे, मी हॉस्पिटलात पोचलो, आईला अजून सांगू नका. माझ्या पायाखालची फरशी होती तिथंच होती, याची मला खाली बघून खात्री करावी लागली. कानात बारीक शीळ सुरू झाली, भोंग्यासारखी नाही, दूर कुणीतरी कुकर लावावा तशी. नंदकुमार माईकवर माझं नाव घेत होता. म्हणत होता, अंबाल्याच्या त्या काळ्या दिवसांत जिनं पलटणीतल्या बायकांना तारा वाचून दाखवल्या, ती आपली निकमकाकू. सत्तर तोंडं माझ्याकडे वळली. जुई म्हणाली, मत जाओ. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "नंदकुमार, मला इंग्रजी वाचता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. तार मी वाचलीच नाही." हॉल हसला. काकूंचा विनय, असं कुणीतरी म्हणालं. नंदकुमारनं टाळ्या वाजवल्या, लोकांनीही वाजवल्या, खुर्च्या सरकल्या आणि सगळे वड्यांकडे निघाले. चोपन्न वर्षं जे दाताखाली धरलं ते मी चारचौघांत बोलले आणि त्याचं हे झालं. वाईट वाटायलाही मला वेळ नव्हता.

आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. समोर रिकाम्या खुर्च्या, पांढरा पडदा, माणसांचा गलका दाराबाहेर. मी तिला म्हटलं, आता जे येईल ते सगळं वाचायचं, मी पडले तरी वाचायचं. पाऊण तास गेला असेल, नाही तर पाच मिनिटं. सतरंजी गुंडाळणारा माणूस दोनदा येऊन आमच्याकडे बघून गेला. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर तोंडात सरलाचंच नाव यायला लागलं.

फोन जुईच्या हातात थरथरला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग काचेकडे. मी फोनकडे नाही बघितलं. तिचे डोळे डावीकडून निघाले, उजवीकडे गेले, मागे आले. एक ओळ. खाली उतरले. मध्येच एका जागी अडखळले, तिथंच थांबतात की काय असं मला झालं, माझी नखं तिच्या मनगटात रुतली असणार, पण ते पुन्हा हलले, पुढे गेले, शेवटच्या अक्षरापर्यंत गेले. मग तिनं सावकाश, हिंदी सोडून, शब्द शोधत शोधत मराठीत सांगितलं.

"ऑपरेशन झालं. दादा शुद्धीवर आला. डावा पाय गुडघ्याखाली... कापला. पापाला त्यानं विचारलं, आजीला सांगितलं का."

मी तिच्यावर विश्वास ठेवला. आणि मग म्हटलं, लिही त्याला, आजीला सांगितलं, जसं होतं तसं.